दुपारी येणारे संशोधक

मुलांच्या अभ्यासाकडे घरच्यांचं लक्ष नाही, अशी तक्रार छत्तीसगडमधल्या भिलाईत तरी कुणी करणार नाही. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि केरळपासून पंजाबपर्यंतच्या कुटुंबांनी माळरानावर शहर वसवलं. विदर्भातून आलेली मराठी माणसंही त्यात होती. भिलाईचा दुर्ग आणि शेजारचा रायपूर हे जिल्हे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्याच प्रांतात होते, त्यामुळे त्यांना हा मुलूख परका नव्हता. पहिल्या पिढीला कारखान्यात नोकरी लागली. दुसऱ्या पिढीनं आयआयटीत जावं असं पहिल्या पिढीला वाटू लागलं आणि शहरात कोचिंग क्लासच्या पाट्या लागल्या. २०१६ मध्ये तर भिलाईच्या नावानं आयआयटीच सुरू झाली.

स्मृति नगर ही त्या पालकांची वसाहत. नोकरदार, निवृत्त कर्मचारी, डॉक्टर, प्राध्यापक अशी वस्ती. इथे मूल अडीच वर्षांचं झालं की शाळेचे फॉर्म आणायची धावपळ सुरू होते. आठवीपासून ‘फाउंडेशन’चा क्लास, दहावीनंतर घरातला टीव्ही बंद. पाहुण्यांनाही आधी विचारलं जातं, “परीक्षा झाल्यावर आलात तर चालेल का?” या वसाहतीच्या लगतच जुनवानी आणि कोहका ही जुनी गावं आहेत, शहरानं पोटात घेतलेली. वसाहतीतली भांडी घासणारी बाई, गवंडी, रिक्षावाला, ठेकेदाराकडचा मजूर बहुतेक तिकडून येतात. त्यांची मुलं सरकारी प्राथमिक शाळेत जातात. दोन्हीकडचे पालक रोज एकमेकांना भेटतात, पण दोघांच्या घरी मूल कसं शिकतं हे एकाच कागदावर मांडलेलं क्वचितच दिसतं.

मुलांच्या शिक्षणात कुटुंबाचा वाटा किती, यावर काम करणाऱ्या संशोधकांची आता एक मोठी जमात आहे. विद्यापीठांत, स्वयंसेवी संस्थांत, सरकारी प्रकल्पांत ती पसरलेली आहे. त्यातल्या अनेकांचं काम खरोखर मोलाचं आहे. पण त्यांच्या दोन सवयी मोडायला हव्यात. एक, ते जवळजवळ नेहमी गरिबाच्याच घरी जातात. दुसरी, ते दुपारी जातात. कार्यालयाची वेळ, गाडीची सोय, अंधारापूर्वी परतायची घाई. दुपारी घरात भेटली तर आई भेटते. म्हणून प्रश्न आईला, प्रशिक्षण आईला आणि अपयश आलं तर तेही आईच्याच नावावर.

आधी चांगल्या कामाबद्दल. छत्तीसगड सरकारने २०२१ मध्ये ‘अंगना म शिक्षा’ हा कार्यक्रम सुरू केला. टाळेबंदीत शाळा बंद, बालवाडीत न गेलेली मुलं थेट पहिलीत येणार, मग आयांनाच हाताशी धरायचं असं ठरलं. ‘प्रथम’ संस्था सोबत होती आणि पुढाकार होता सरकारी शाळांतल्या शिक्षिकांचा. शाळेच्या आवारात मेळा भरतो. पाच ते आठ वर्षांचं मूल आईचं बोट धरून एकेका टेबलावर जातं. एका ठिकाणी सरळ रेषेवरून चालायचं, उड्या मारायच्या. पुढे वस्तूंचे गट लावायचे. त्याच्यापुढे चित्र बघून बोलायचं. मग मोजायचं, लहान-मोठं ओळखायचं. प्रत्येक टेबलावर ‘सपोर्ट कार्ड’वर खूण होते: हे जमतं, इथे मदत लागते. शेवटी ते कार्ड आईच्या हातात पडतं आणि घरातल्या बटाटे-वांग्यांवर, पातेल्या-वाट्यांवर मोजणी, आकार, वर्गीकरण कसं घ्यायचं हे तिला करून दाखवलं जातं. उत्साही आयांना ‘स्मार्ट माता’ म्हणतात.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचा असाच मेळावा झाला. तिथे सात स्टॉल, ‘विकास पत्र’, आयांचे गट आणि ‘आयडिया कार्ड’. ज्यांनी तो पाहिला त्यांना आठवेल की गर्दीत सगळ्यात जास्त चर्चा विकास पत्रावरच्या खुणांची होते. “माझ्या पोराला हे येतं, फक्त इथे लाजला,” असं म्हणत आया स्टॉलवरच्या बाईंशी हुज्जत घालतात. ही हुज्जत फार महत्त्वाची. आपल्या मुलाचं मोजमाप कसं होतंय यावर बोलायची संधी या आयांना शाळेनं एरवी कधी दिली होती?

आता निकालांकडे. रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलँड यांनी बिहार आणि राजस्थानातल्या खेड्यांत एक मोठा प्रयोग केला. त्याचा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही आयांसाठी साक्षरता वर्ग, काहींना घरी मुलाचा अभ्यास कसा घ्यावा याचं मार्गदर्शन, काहींना दोन्ही, आणि तुलनेसाठी काहींना यातलं काहीच नाही. आयांचं स्वतःचं वाचन-गणित सुधारलं, त्या मुलांच्या अभ्यासात जास्त लक्ष घालू लागल्या. मुलांच्या गणितातही फरक पडला. संशोधकांनी तो स्वतःच ‘माफक’ म्हटला आहे. बॅनर्जी तेव्हा ‘प्रथम’च्याच प्रमुख होत्या, म्हणजे आपल्याच संस्थेच्या कामाचा निकाल माफक आहे हे त्यांनी छापून टाकलं. आपल्याकडच्या शिक्षण क्षेत्रात ही प्रामाणिकता दुर्मीळ आहे.

पण फरक माफक का? एक कारण सरळ आहे. आईला आणखी एक काम दिलं, जुनं एकही काढून घेतलं नाही. जुनवानीतली बाई सकाळी स्वतःच्या घरचा स्वयंपाक करून स्मृति नगरात तीन घरची भांडी घासते, दुपारी परतून पाणी भरते, संध्याकाळी पुन्हा दोन घरं. तिनं वांगी मोजायला लावून मुलाचं गणित पक्कं करावं, ही अपेक्षा कागदावर छान दिसते. तिच्या दिवसाचे तास कुठल्या अहवालात मोजलेले असतात? मुलाच्या गुणांचा दशांशापर्यंत हिशेब होतो, आईच्या वेळेचा बहुधा होतच नाही.

शिवाय शिकवतं कोण, हेही आपण गृहीत धरलेलं असतं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या गटानं फोनवरून ग्रामीण कुटुंबांची पाहणी केली. शाळा बंद असताना सुमारे तीन चतुर्थांश मुलांना घरच्या कुणा ना कुणाची अभ्यासात मदत होत होती. ज्यांच्या आईवडिलांचं शिक्षण प्राथमिकच्या पुढे गेलेलं नव्हतं, अशा घरांतही निम्म्याहून अधिक मुलांना मदत मिळत होती, आणि तिथे मोठी भावंडं पुढे येत होती. म्हणजे सहावीतली ताई दुसरीतल्या भावाला वाचायला बसवत होती. सरकारी मेळ्यात तिच्यासाठी टेबल नाही. ‘स्मार्ट माता’ आहे, स्मार्ट ताई नाही. आणि वडील तर यादीतच नाहीत.

वडिलांचं दुखणं भिलाईत नीट समजतं. कारखाना तीन पाळ्यांत चालतो. आठवडा बदलला की घराचं घड्याळ बदलतं. सकाळच्या पाळीचा माणूस दुपारी घरी असतो, पण डोळ्यांवर झोप असते. दुपारच्या पाळीचा माणूस मुलांना रात्री झोपलेलीच बघतो. रात्रपाळीवाला दिवसा पडद्याआड झोपलेला असतो आणि मुलांना मोठ्यानं वाचायची बंदी असते. कायम नोकरीवाल्याला निदान वेळापत्रक माहीत असतं, ठेक्यावरच्या मजुराला तेही नाही. कुठल्या पाळीच्या आठवड्यात मुलाचा गृहपाठ होतो आणि कुठल्या आठवड्यात बुडतो, ही साधी नोंद ठेवायला भिलाईइतकी चांगली जागा देशात कुठे मिळेल? एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यानं दोन वर्षं इथे काढली तरी ‘पालक उदासीन’ हा शब्दप्रयोग आपल्या प्रबंधात वापरायला त्याचा हात धजणार नाही.

‘असर’च्या सर्वेक्षकांची एक शिस्त इथे सांगण्यासारखी आहे. ते घरोघरी शनिवार-रविवारी जातात, कारण तेव्हा मुलं घरी सापडतात. ओसरीवर बसून मुलाला अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट असा एक कागद वाचायला देतात. बघता बघता शेजारीपाजारी गोळा होतात, कुणीतरी “मोठ्यानं वाच रे” म्हणतं, एखादा बाप पहिल्यांदाच ऐकतो की चौथीतल्या आपल्या मुलीला गोष्ट वाचता येत नाही. २००५ पासून हे चालू आहे. त्या पाहणीचं मोल आकड्यांइतकंच या ओसरीवरच्या गर्दीतही आहे.

मात्र नुसतं कळून भागत नाही, हेही सिद्ध झालेलं आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २८० गावांत प्रयोग केला. २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही गावांत सभा घेऊन ग्राम शिक्षण समितीचे अधिकार समजावले. काही गावांत त्याशिवाय गावकऱ्यांनीच मुलांची चाचणी घेऊन निकाल मांडला. तिसऱ्या गटात गावातल्याच तरुणांना वाचन वर्ग घ्यायला शिकवलं. पहिल्या दोन्हींनी शाळेत फारसं काहीच हललं नाही. तिसऱ्या गटात जी मुलं वर्गाला आली ती वाचायला शिकली. सभेत हात वर करायला लावणं म्हणजे सहभाग असं मानणाऱ्यांना हा निबंध दरवर्षी वाचायला द्यावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात असं म्हटलं आहे. समितीच्या बैठका बहुतेक ठिकाणी शाळेच्या वेळेत होतात. रोजंदारी बुडवून कोण येणार? सह्या घरी पाठवून घेतल्या जातात आणि कागद पूर्ण होतो.

पालकांपर्यंत पोचायला फोनचा उपयोग झाला, पण सगळ्याच फोनचा नाही. टाळेबंदीत पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेचे ‘सजग’ ध्वनिसंदेश अंगणवाडी सेविकांमार्फत छत्तीसगडच्या पालकांपर्यंत पोचले. लहान मुलाशी कसं बोलावं, खेळावं, याबद्दलचे. त्याच काळात आफ्रिकेतल्या बोट्सवानात साडेचार हजार कुटुंबांवर प्रयोग झाला. काहींना आठवड्याला गणिताचे संदेश, काहींना संदेशाबरोबर शिक्षकाचा फोन. नुसत्या संदेशानं फरक पडला नाही, फोनवरच्या बोलण्यानं पडला. व्हॉट्सॲप गटावर ‘गुड मॉर्निंग’सोबत वर्कशीट ढकलून आपण पालकांना जोडून घेतलं, असं समजणाऱ्या शाळांनी, यात स्मृति नगरातल्या मुलांच्या शाळाही आल्या, याची नोंद घ्यावी.

आणि इथेच रस्त्याच्या अलीकडे, म्हणजे वसाहतीत, यायला हवं. सुखवस्तू घरांतला सहभाग आपल्याकडे कुणी तपासतच नाही, कारण तो चांगलाच असणार असं धरून चाललेलं असतं. अमेरिकेत कीथ रॉबिन्सन आणि अँजेल हॅरिस यांनी पालक-सहभागाच्या ६३ प्रकारांची अनेक वर्षांची आकडेवारी तपासून २०१४ मध्ये पुस्तक लिहिलं. गृहपाठाला मदत, शाळेत हेलपाटे, शिक्षकांच्या भेटी यांतल्या बहुतेक गोष्टींचा गुणांशी ठाम संबंध लागला नाही, काही ठिकाणी तर उलटा लागला. भिलाईच्या क्लासच्या फीचा, रात्री बाराला दिलेल्या दुधाच्या पेल्याचा आणि वर्ष ‘ड्रॉप’ घेतलेल्या मुलाच्या गप्प बसण्याचा असा हिशेब कुणी मांडला आहे का? गरीब आईला ‘मुलाशी बोला’ असं शिकवायला प्रकल्प आहेत. वर्षानुवर्षं मुलाशी फक्त टक्क्यांबद्दल बोलणाऱ्या बापासाठी एकही नाही.

मराठीत दोन्हीकडे बघण्याची एक चांगली वाट पडलेली आहे. पुण्यात १९८७ मध्ये ‘पालकनीती’ मासिक सुरू झालं ते वाचणाऱ्या, विचार करणाऱ्या मध्यमवर्गीय पालकांसाठी. त्याच गटानं १९९६ मध्ये कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीत मुलांसाठी ‘खेळघर’ काढलं. एका बाजूला स्वतःच्या पालकपणाची झाडाझडती आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या वस्तीतल्या मुलांशी, त्यांच्या घरच्यांशी रोजचा संबंध. एकाच गटानं दोन्ही केलं, म्हणून दोन्हीत खोटेपणा कमी राहिला. त्याही आधी, १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं की वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत. त्यांनी पालकांना दोष दिला नाही, बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना त्यातून आली. १९७५ मध्ये ती सरकारी योजनेत गेली आणि पुढे देशभर पसरली. आज छत्तीसगड सरकारच्या कार्यक्रमाच्या नावात पुन्हा अंगण आलं आहे, हे चांगलंच.

पण अंगणात जाऊन काय करायचं? शाळेचा तक्ता तिथे टांगायचा, की तिथे काय चाललंय ते आधी बघायचं? दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. ही मुलं भाजीचे आडवेतिडवे हिशेब तोंडी, झटक्यात करत होती. तीच बेरीज-वजाबाकी शाळेच्या पद्धतीनं कागदावर मांडली की अडत होती. उलट शाळेतल्या मुलांना बाजारातला हिशेब जमेना. घरात गणित नव्हतं असं नाही. शाळेनं ते ओळखलं नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसानमध्ये लुइस मोल आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास याच्या उलटं केलं होतं. शिक्षकांनाच संशोधक म्हणून मेक्सिकन मजुरांच्या घरी पाठवलं, शिकवायला नव्हे, शिकायला. शेती, बांधकाम, औषधी झाडं, दुरुस्तीची कामं असं ज्ञानाचं भांडार त्यांना घरांत दिसलं आणि त्यावरून त्यांनी वर्गातले पाठ बेतले.

कोहक्यातल्या गवंड्याच्या घरी ओळंबा आहे, सूत आहे, काटकोन आहे. भाजीवालीच्या घरी पावशेराचा भाव तोंडपाठ आहे. घरची भाषा छत्तीसगढी आहे आणि शाळेची पुस्तकं हिंदी. दोन्ही जवळच्या भाषा म्हणून शाळा हा प्रश्न झटकून टाकते, आणि पहिलीतलं मूल मात्र वर्गात गप्प राहतं. भिलाईजवळच्या गनियारीत जन्मलेल्या तीजनबाई महाभारत शिकल्या त्या आईच्या वडिलांच्या, ब्रिजलाल यांच्या तोंडून. पुढे त्या पंडवानी, म्हणजे महाभारताचं कथागायन, घेऊन जगभर गेल्या, पोलाद कारखान्यात नोकरीलाही होत्या, २०१९ मध्ये पद्मविभूषण झाल्या. हे उदाहरण भिलाईच्या प्रत्येक शाळेच्या कार्यक्रमात दिलं जातं. पण ‘तुझे आजोबा घरी काय सांगतात?’ हा प्रश्न पहिलीच्या प्रवेशाच्या अर्जात नाही, मेळ्याच्या कार्डावरही नाही.

घरातलं हे शिकणं नोंदवायला फार मोठ्या निधीची गरज नाही. बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि २०१४ च्या नियमांनुसार त्यात वीस आठवडे शाळेत उमेदवारी करावी लागते. दुर्ग-भिलाईत बी.एड. महाविद्यालयं भरपूर आहेत. या वीस आठवड्यांतला एक आठवडा घरांसाठी ठेवता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन घरं, एक स्मृति नगरातलं आणि एक जुनवानीतलं, आणि भेटीची वेळ संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी. नोंदवायच्या गोष्टीही साध्या. मूल अभ्यासाला कुणाजवळ बसतं, आईला सलग मोकळा किती वेळ मिळतो, वडिलांची पाळी कोणती, घरात कोणती भाषा कुणाशी बोलली जाते, आणि मुलाला घरच्या कामातलं काय काय येतं. वर्षाअखेरीस महाविद्यालयानं या नोंदी त्या-त्या शाळेच्या शिक्षकांपुढे ठेवाव्यात, आणि पालकांनाही बोलवावं, दोन्हीकडच्या, एकाच खोलीत.

स्मृति नगरातले पालक तयार होतील का, ही शंका रास्त आहे. जुनवानीतली बाई तिऱ्हाइताला दार उघडते, कारण तिला नाही म्हणायची सोय नसते. वसाहतीच्या फाटकावर मात्र सुरक्षारक्षक आधी नाव विचारतो, मग वर फोन लावतो, आणि वरून बहुतेक वेळा उत्तर येतं, “आत्ता नको, मुलाचा क्लास आहे.”